तारेपलीकडची सोनकी

गल्ली तिला भागूबाई म्हणायची. खरं नाव वेगळं होतं, पण ते आठवायला नवऱ्यालासुद्धा क्षणभर थांबावं लागे. कुलूप लावलं की ती ओढून बघायची, चार पावलं गेली की परत येऊन ओढायची. शिवणकाम तिचं पोटापाण्याचं. हात असा साफ की कॉलर कुठे जोडली ते शोधून सापडू नये. पण कात्री मशीनच्या कडेला कधी ठेवायची नाही, पडून पायात घुसली तर? लोक हसत, तीही हसे.

तिचं घर गल्लीतलं शेवटचं. मागच्या अंगणानंतर काटेरी तार, आणि तारेपलीकडे माळ. पूर्वी तिथे लष्कराचा तोफांचा सराव चाले. लष्कर निघून गेलं, पण डागूनही न फुटलेले गोळे जमिनीत तसेच राहिले. तारेवर कवटीचे फलक लागले. त्या जमिनीवर ना नांगर फिरला, ना गुरं शिरली, ना कुणी घर बांधलं. म्हणून माळ सोनकीचा झाला. पावसाळ्यात तिथल्या खळग्यांत पाणी साचे. ते ओसरू लागलं की ओल्या कडांवर सोनकी उगवे आणि बघता बघता माळ हळदीसारखा पिवळा होई. गुडघाभर रोपं, बोटाच्या पेराएवढी फुलं. थोडे दिवस फुलायचं, बी टाकायचं आणि मरून जायचं. पुढच्या पावसाला त्या बियांतून पुन्हा तेच.

लोक तारेशी उभे राहून फोटो काढत. भागूबाई मात्र त्या बाजूचा पडदा कधी सरकवत नसे. एकदा कुणाची तरी शेळी आत शिरली होती. त्या धमाक्याने भागूबाईच्या खिडकीची काच तडकली, आणि शेळीचं काही म्हणता काही मिळालं नाही. "फुलं कसली," ती म्हणायची, "खाली काय आहे ते झाकायला घातलेली चादर आहे ती."

नवरा ट्रक चालवायचा, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. घरात ती आणि सासू. सासूचं वय झालं होतं आणि वर्षभरापासून तिची आठवण विरत चालली होती. लष्कर येण्याआधी तो माळ म्हणजे सासूच्या माहेरचं शेत होतं. आताशा ती सुनेला विचारायची, "शेतावर कोण गेलंय आज?"

त्या दुपारी भागूबाई एका शर्टाला बाही जोडत होती. दोरा तुटला, मशीन थांबलं, आणि त्या शांततेत तिच्या लक्षात आलं की सासूचा खोकला ऐकू येत नाही. खाट रिकामी. मागचं दार उघडं. तारेशी सासूच्या चपला काढून ठेवलेल्या, देवळाबाहेर ठेवाव्यात तशा, आणि तारेच्या काट्याला शालीचा धागा लोंबत होता.

दूर पिवळ्यात पांढरं डोकं दिसलं.

ती किंचाळली तशी शेजारचे चपला शिवणारे काका धावत आले. त्यांनी लगेच फोन लावला. "बॉम्बवाले येतायत, पण वेळ लागेल म्हणतात," ते म्हणाले. "तू हलू नकोस, पोरी. एक जीव अडकलाय तो पुरे."

ती हलणार नव्हतीच. तेवढ्यात माळावरून आवाज आला. टण्. सासू खाली वाकून काठीने काहीतरी उकरत होती. पुन्हा टण्.

"काका, ती काय ठोकतेय?"

काकांचा चेहरा बघून भागूबाईने खालची तार उचलली.

सासू गेली तिथे सोनकी आडवी झाली होती, गवतात पडावी तशी एक वाट. त्या वाटेवरच पाय टाकायचा, इतकंच तिने ठरवलं. दोन्ही बाजूंनी फुलं गुडघ्यांना लागत आणि प्रत्येक स्पर्शाला ती दचके. वाऱ्याने काही रोपं पुन्हा उभी राहू पाहत होती. वाट पुसली गेली तर? पुढे वाळत आलेला खळगा लागला. तिथे फुलं नव्हती, नुसता चिखल, पण त्यात सासूची अनवाणी पावलं उमटलेली. लहान, जवळजवळ. भागूबाईने त्यांत आपली पावलं ठेवली. आपली टाच बाहेर येते हे पाहून तिला रडू फुटलं, तरी ती चालत राहिली.

"आई," तिने हळू हाक मारली. "थांबा. काठी बाजूला ठेवा."

सासूने मान वर केली. एका मुठीत सोनकी, दुसऱ्या हातात काठी. पायाशी मातीतून एक गंजलेलं, गुळगुळीत टोक वर आलेलं.

"आपला बत्ता आहे गं हा," ती आनंदाने म्हणाली. "खलात घालायचा. किती दिवस शोधत होतो आपण!" आणि तिने काठी उगारली.

रागावलं तर सासू हट्टाला पेटते, हे भागूबाईला ठाऊक होतं. काठी हिसकावली तर दोघी त्यावरच पडतील. सासू तिच्याकडे निरखून बघत होती, पण ओळख सुनेची नव्हती.

"ताई, तू कधी आलीस?" सासूने विचारलं.

लग्न झाल्यापासून भागूबाईने सासूला कधी एकेरी हाक मारली नव्हती. आता मात्र तोंडातून आपोआप आलं, "अगं, आई बोलावतेय तुला. जेवायला चल."

"आणि बत्ता?"

"बाबा आणतील. जड आहे तो. तू फुलं घे फक्त."

सासूने जरा विचार केला. "रागावली का आई?"

"नाही गं. वाट बघतेय."

काठी खाली आली. भागूबाईने तिचा हात धरला आणि आल्या पावली दोघी निघाल्या, ती पुढे, सासू मागे. सासू सारखी फुलांसाठी बाजूला झुकायची. दर वेळी भागूबाई म्हणायची, "माझ्या पावलावर पाऊल टाक बघू, जमतं का तुला?" आणि सासू खिदळत पाऊल टाकायची. तारेशी काकांनी दोघींना आत ओढलं.

बॉम्बवाल्यांनी गल्ली रिकामी करून संध्याकाळी तो गोळा जागेवरच फोडला. त्या आवाजातही सासू काकांच्या नातेवाइकांकडे गाढ झोपली होती. मूठ उघडली तर फुलं घामाने चिकटलेली.

नवऱ्याने मागे कुलपाचं पक्कं दार बसवलं. भागूबाईला कितीतरी दिवस सुईत दोरा ओवता आला नाही. सासू मात्र त्या दिवसापासून तिला ताईच म्हणू लागली, आणि तीही ओ देई.

फक्त एकदा, थंडीत, सासूचं डोकं अचानक लख्ख झालं. सुनेला नावाने हाक मारून तिने विचारलं, "अगं, मी त्या माळावर गेले होते का?"

"नाही, आई. स्वप्न पडलं असेल."

"तेच म्हटलं," सासू म्हणाली. "तिथे कोण जाईल? जीव जायचा."

भागूबाई पाणी आणायला म्हणून आत गेली, आणि तिने मागच्या दाराचं कुलूप दोनदा ओढून बघितलं.