ताईला पाहायला नेमकं कोण आलं होतं?

भूत, चकवा, करणी... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी सायन्सवाली. पण आमच्या घरी भरदुपारी, सगळ्यांच्या देखत जे घडलं ते सांगते — मग तुम्हीच ठरवा.

गाव दारव्ह्याजवळचं. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, म्हणून बाबांनी सगळा कापूस बैठकीतच भरून ठेवलेला, पार आढ्यापर्यंत! अशात आर्णीकडचा एक मुलगा ताईला पाहायला आला. एकटाच. कापसाला खुर्ची टेकवून त्याला बसवलं. पाणी मी दिलं, पोहे ताईनं. तो गेला... आणि संध्याकाळपर्यंत आम्हाला होकार-नकार कळवायचा होता.

बाबा खूश. "उंचापुरा हाय. मिशा पाह्यल्या का, कशा भरदार! कापूस हाती घेऊन धागा ओढून पाह्यला त्यानं. पक्का कास्तकार!"

"मिशा?" आई म्हणाली. "गुळगुळीत दाढी करून आलता तो. अन् कापूस शर्टाले चिकटला होता, तो काढून राह्यला होता बिचारा. टापटीप हाय पोरगा."

काकांना तर तो बुटका आणि चकणा दिसला! "अन् कापूस खिशात टाकला त्यानं. म्या पाह्यलं!"

मला? जाड फ्रेमचा चष्मा दिसला होता. शप्पथ!

घरात जुंपली. काकांनी नकार कळवायला फोन उचलला. आजवरची सगळी स्थळं ताईनंच नाकारलेली. आज पहिल्यांदाच ती आत जाऊन गालात हसली होती.

ताई बाहेर आली. "काका, फोन ठेवा. तुमाले कोण दिसला ते तुमी पाहा. मले जो दिसला, तो मले पसंत हाय."

"कसा दिसला वं तुले?" आईनं विचारलं. ती लाजून आत पळाली. सांगितलंच नाही!

लग्न झालं. भाऊजींना मिशा आहेत की नाहीत, यावर आई-बाबा अजून भांडतात — लग्नाचा फोटो समोर ठेवून! डोळे सगळ्यांचे तपासून झालेत. ठणठणीत.

शेवटी मी भाऊजींनाच गाठलं. "त्या दिवशी मी पाणी दिलं, तेव्हा तुम्ही चष्मा लावून होते ना?"

ते गोंधळले. "तू होती काय घरी?"

"म्हणजे? आई, बाबा, काका, सगळेच होते की!"

"नाही वं," ते अगदी मनापासून म्हणाले. "तुही ताई एकटीच तं होती."

ते थट्टा करत नव्हते. मला आजही याचा उलगडा झालेला नाही. ताईला सांगितलं तर म्हणाली, "मंग बरोबरच हाय ना! मले तरी तुमी लोक कुठं दिसले होते?"