नीलमच्या न्हाणीघरातला कोळसा

नीलम तायडे आमच्या मागच्या खोल्यांत भाड्याने आली तेव्हा तिच्या सामानात भांड्यांपेक्षा कागद जास्त होते. शेतीची पदवी, संगणकाचं सर्टिफिकेट, अकोल्याला घेतलेल्या मशरूमच्या प्रशिक्षणाचा दाखला. नवरा संघपाल पुण्याकडे कंपनीत होता, सासरे शेषरावबाबा तिच्याजवळ. बाबांची सारी नोकरी रेल्वेत रुळांवर गेली. मूर्तिजापूरची छोटी लाइन बंद पडली तरी ते गाडीच्या वेळेला उठायचे आणि अंगणात उगाच उभे राहायचे.

दोन खोल्यांपैकी मोठीत नीलमने धिंगरी लावली. शिंपल्यासारखं पांढरं मशरूम असतं ते. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाप्पा, ही पोरगी घरात कुत्र्याच्या छत्र्या लावून राहिली! पण तिचं काम पाहिलं आणि गप्प झाले. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, रात्रभर न्हाणीघरातल्या टाकीत भिजवायचं, सकाळी अंगणातल्या चुलीवर गरम पाण्यातून काढायचं, निथळून थंड झालं की बियाण्याचे थर देत पिशव्यांत भरायचं, आणि त्या पिशव्या शिंक्यासारख्या टांगायच्या. खोलीत कायम ओलावा, भिंतींना लावलेली पोती भिजलेली. तीनेक आठवड्यांनी पिशव्यांना धिंगरीचे कान फुटायचे. ती पहाटे काढणी करायची आणि सकाळच्या गाडीने माल अमरावतीला जायचा.

"ही खोली चालली ना काकू, तर हे परत येतील," ती एकदा पिशव्या बांधता बांधता म्हणाली. "तिकडं बारा-बारा तास उभं राहून काम करून राहिले. फोनवर सांगत नाहीत, पण पाय सुजतात त्यांचे."

तिची सारी आशा त्या खोलीवर होती.

भानगड झाली ती वासाची. भिजलेल्या कुटाराला आंबूस, कुजकट वास सुटतो, आणि न्हाणीघराची झरोक्याची बाजू नेमकी माझ्या देवघराकडे. मार्गशीर्षातल्या तिसऱ्या गुरुवारी महालक्ष्मीच्या पूजेला शेजारणी आल्या होत्या. आरती सुरू झाली आणि वास आला. चंदाबाईने ताम्हन खाली ठेवलं.

"काय वं माय, मागं काय शिजवते थे?"

"शिजवत नाही, कुटार भिजवते. मशरूमचं," मी म्हटलं.

"कुटार म्हने! आता त्यांच्याकडचं आपल्याले काय समजते."

'त्यांच्याकडचं' म्हणताना तिने आवाज खाली घेतला. बाकीच्यांनी पदर नाकाला लावले. नीलमच्या दारावर निळा झेंडा आहे, बाबासाहेबांची तसबीर आहे. चंदाबाईला काय म्हणायचं होतं ते न कळण्यासारखं काही नव्हतं. मी हळदीकुंकवाचा करंडा पुढे केला, आणि बोलणं तिथेच राहिलं.

संध्याकाळी आमचे हे, खुशालराव, मागच्या दारी जाऊन उभे राहिले. "नीलमताई, आपलं भांडण नाही. पण पुढच्या गुरुवारी उद्यापन आहे, गावभरच्या बाया येतील. तवापर्यंत वास गेला त ठीक. नाही त दुसरी जागा पहा."

"जाईल, काकाजी," ती म्हणाली.

लोक म्हणत मशरूमचा वास. तिने आधी तेच तपासलं. बाबांना अंगणाच्या मधोमध डोळे मिटून उभं केलं आणि एकेक दार उघडत गेली.

"आता?"

"काहीच नाही."

"आता?"

"हे न्हाणीघर! बंद कर, पोरी, माह्या नाकाचं रिटायरमेंट झालं नाही अजून."

पिशव्यांच्या खोलीला जवळजवळ वासच नव्हता. सगळं त्या टाकीचं होतं.

शनिवारी मी तिच्याबरोबर अकोल्याला गेले. म्हटलं, आपल्याच घरातून हिला नोटीस मिळाली, निदान सोबत तरी करावी. पंखे आणि पाइपांच्या दुकानात शेखर नावाचा दुकानदार होता. नीलमने न्हाणीघराच्या मापाचा कागद त्याच्यासमोर ठेवला. त्याने आधी एक चपटी जाळी दाखवली, कोळशाची भुकटी चिकटवलेली.

"हे फोडणीच्या वासाले चालते. तुमच्या कुटाराले चार दिवस." मग त्याने दोन हातांनी उचलून एक लांबुळका डबा आणला. जाळीच्या दोन भिंती आणि मधे दाणेदार कोळसा, दोन बोटं जाड. "हा घ्या. कार्बन फिल्टर."

मी मधेच बोलले, "पंखा जोराचा घेतला तर वास लवकर जाईल ना?"

"उलटं हाये, मावशी. हवा कोळशातून पळत गेली त वास तिच्यासंगं बाहेर. हवेनं कोळशात जरा टेकलं पाहिजे. म्हनून पंखा लहान, डबा मोठा."

"आणि दमट हवा?" नीलमने विचारलं.

"थे महत्त्वाचं विचारलं ताई तुम्ही. कोळसा पान्यानं भरला त वास कुठं ठेवंल? मशरूमच्या खोलीत लावान त डबा वाया. टाकीवर झाकण ठेवा, गरम पान्याचं काम बाहेर करा, आनि डबा उंच टांगा. वरून सुती कापड बांधा. धूळ आनि धूर, दोन्हीपासून जपा."

हे सगळं मी ऐकलं. दोन्ही कानांनी ऐकलं. धूर म्हणजे चुलीचा, गाडीचा, कचऱ्याचा. घरात ऊद घालतो त्याला आपल्याकडे धूर कोण म्हणतं?

रविवारी बाबांनी स्टुलावर चढून न्हाणीघरात डबा टांगला आणि त्याला लहान पंखा जोडून तोंड झरोक्याकडे केलं. नीलमने माझंच जुनं सुती लुगडं फाडून त्याला गुंडाळलं. सोमवारी टाकी भरली तरी वास नाही. मंगळवारी नाही. देवघरात बसून मी मुद्दाम खोल श्वास घेतला, नुसती झेंडूची फुलं. खुशालरावांनी पेपरातून मान वर करून "जमलं वाटते पोरीले" असंही म्हटलं. त्या रात्री तिने संघपालला फोनवर जे सांगितलं ते भिंतीपलीकडून मला हसण्यावरूनच कळलं.

बुधवारी संध्याकाळी मी उद्यापनासाठी घर सारवलं-झाडलं आणि दरवर्षीप्रमाणे धुपाटणं घेऊन घरभर फिरले. गोवरीचे निखारे, राळ, ऊद, लोबान. नीलम ढाब्यावर माल द्यायला गेली होती, बाबा विहारात. न्हाणीघराला नुसती कडी होती. मला वाटलं, जिथून त्रास निघाला तिथे धूप पहिला पोचावा. तिचंही भलं होईल. पंखा धूर वर ओढून घेत होता, तो पाहून तर मला बरंच वाटलं. मी धुपाटणं डब्याच्या खालीच ठेवलं, वर आणखी मूठभर राळ टाकली आणि निखारा विझेपर्यंत तिथेच राहू दिलं. नंतर आठवणीने घेऊन आले. रात्री आल्यावर नीलमने टाकी भरली.

गुरुवारी बाया आल्या आणि वास आला. आधीपेक्षा वाईट, कुटार आणि जळकी राळ मिसळलेला. चंदाबाईने माझ्याकडे पाहिलं. खुशालराव तडक मागे गेले. त्यांचा आवाज देवघरापर्यंत आला: "रविवारपर्यंत खाली करा. सारखी कोनाची बोलणी ऐकू मी?"

मी ओटीचं ताट हातात घेऊन उभी होते. मला तेव्हाच समजलं होतं. सांगायला लांब जायचं नव्हतं, मधे फक्त अंगण होतं. पण गावभरच्या बाया बसल्या होत्या, आणि उद्यापनाच्या दिवशी माझ्या उदानं बिघडलं हे कसं म्हणायचं, असं वाटलं. नैवेद्य झाल्यावर सांगू म्हटलं. मग रात्री सांगू म्हटलं. शुक्रवार गेला.

शनिवारी दुपारी मी मागे गेले. नीलम पिशव्या उतरवत होती. डबा खाली काढून ठेवला होता. लुगड्याचं कापड काळं, चिकट, पापडासारखं कडक झालेलं.

"नीलम, बुधवारी मी ऊद घातला होता इथं."

तिने पिशवी जमिनीवर टेकवली. "माहीत आहे, काकू. कोळसा उघडला तर देवळासारखा वास. कोळसा काय लपवते? मले गुरुवारीच समजलं."

"मग यांना काहून नाही सांगितलं?"

"मी सांगितलं असतं तर काकाजींनी मानलं असतं का? घरमालकिणीच्या धुपावर ढकलून राहिली म्हणाले असते सगळे. मी दोन दिवस तुमचीच वाट पाहून राहिली होती."

बाबा दारात बसले होते. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "स्टेशनाकडं आमच्या वस्तीत जागा भेटली. एकच खोली आहे. पिशव्या अर्ध्याच मावतील."

अर्ध्या पिशव्या म्हणजे संघपालचं येणं वर्षभर लांबलं.

मी घरात येऊन यांना सारं सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "आता सांगून राहिली?" एवढंच म्हणाले, आणि उठून मागे गेले. थांबा म्हणाले, कोळसा मी आणून देतो म्हणाले. नीलमने हात जोडले. "तिकडं शब्द दिला, काकाजी. आणि पुढच्या वेळी वास कशाचाही आला तरी तो आमचाच राहील."

रविवारी दोन ऑटोंत त्यांचं सामान गेलं. मी बाबांना चहा विचारला. झाला आमचा, म्हणाले.

काल चंदाबाई आली होती. खुर्चीवर टेकत म्हणाली, "गेली ना? पाय, कसं मोकळं वाटते घर."

मी सांगितलं तिला. डबा, कोळसा, कापड, माझं धुपाटणं, माझे दोन दिवस. वास नीलमच्या जातीचा नव्हता, कुटाराचा होता, आणि तो तिने घालवलाही होता, हेसुद्धा सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी 'जात' हा शब्द चंदाबाईसमोर उघड उच्चारला.

तिने चहाचा कप उचलला. मग म्हणाली, "तू त चांगल्यासाठीच केलं होतं ना वं. देवाचं काम होतं. जीवाले लावून घेऊ नको."

आणि तिने चहात बिस्किट बुडवलं. मी तिला दुसरा कप विचारला नाही. ती गेल्यावर नीलमला फोन लावला. तिने उचलला नाही. दुपार होती, पहाटेच्या काढणीची वेळ नव्हती ती.