यासाकू कप्तानाचा वायरलेस

जपानच्या उत्तरेकडच्या रौसू बंदरात यासाकू नुमाकुराइतका चुळबुळ्या माणूस शोधून सापडायचा नाही. त्याची बायको तोमिए म्हणते, "झोपेतसुद्धा होडी हाकतो मेला, लाथा मला बसतात."

चाळीस वर्षं त्यानं कॉड पकडला. मासा आटला तशी होडीवर बाकं ठोकली, संडास बसवला आणि पाहुण्यांना ओर्का, म्हणजे ते काळे-पांढरे शिकारी देवमासे, दाखवायला लागला. पण यंदा जूनमध्ये सलग तीन दिवस ओर्का फिरकलेच नाहीत. पाहुण्यांना दिसले ते गरुड, एक पेंगुळलेला सील आणि कप्तानाची पाठ. चौथ्या दिवशी लॉजवाली मिनेको स्वतःच होडीत येऊन बसली.

"आज रिकामं परतलो, तर उद्यापासून माझे सगळे पाहुणे गोरोझोच्या होडीत. आज निम्मे तिकडेच बसवलेत."

"बसवा की! त्याच्या होडीत लोक समुद्र कमी आणि ओकायची बादली जास्त बघतात."

तोंडानं बोलला, पण जीव थाऱ्यावर नव्हता. वाळवलेला माकूळ चघळत तो घटकेत दुर्बीण डोळ्याला लावी, घटकेत होडी वळवी. पाहुण्यांच्या माना दुखायला लागल्या.

आता आमच्याकडची रीत अशी, की ओर्का ज्याला आधी दिसतील त्यानं वायरलेसवरून सगळ्या होड्यांना सांगायचं. कॉडच्या दिवसांत नेमकं उलटं होतं. जाळं फाटेस्तोवर मासा लागला तरी रडक्या आवाजात 'कोरडं आहे' म्हणायचं. यासाकूसारखं रडणं तर कुणाला जमायचं नाही.

नऊच्या सुमाराला कुनाशिरी बेटाच्या बाजूला पाणी फुटलं. एक उंच काळा पर वर आला, मग दुसरा, मग सहा-सात. पाहुणे किंचाळले. तेवढ्यात वायरलेस खरखरला. गोरोझो विचारत होता, "यासाकू, आहे का काही तिकडं?"

"कुठलं काय! कोरडं आहे बाबा. डिझेल जळतंय नुसतं."

बोलून झाल्यावर यासाकूलाच कळलं आपण काय बोललो ते.

"अहो, माझे निम्मे पाहुणे आहेत ना त्याच्याकडे!" मिनेको कडाडली. "खोटारडे कुठले! आत्ताच्या आत्ता खरं सांगा. नाहीतर उद्यापासून तुम्ही आणि तुमचे सील!"

यासाकूनं माईक उचलला, ठेवला, परत उचलला. खरी जागा सांगायची म्हणजे घशातून काटा काढण्यासारखं. शेवटी डोळे मिटून त्यानं एका दमात सांगून टाकलं. "गोरोझो, सात ओर्का आहेत. बंदरापासून चार मैल, पूर्वेला. ये."

पलीकडून हसू ऐकू आलं. "तू पूर्वेला ये म्हणतोस ना? मग मी पश्चिमेला निघालो."

"अरे, खरंच!"

"कॉडच्या वेळीही 'खरंच' म्हणायचास."

मिनेकोनं माईक हिसकावला. "गोरोझो-सान, मी मिनेको. डोळ्यांनी बघतेय. मुकाट्यानं होडी वळवा."

वीस मिनिटांत गोरोझो आला आणि ते दळभद्री ओर्का सरळ त्याच्याच होडीकडे पोहत गेले. आपल्या जाळ्यातला मासा दुसऱ्यानं ओतून घ्यावा तसा यासाकू कासावीस झाला.

"उद्या साडेआठला आठजण पाठवते," मिनेको म्हणाली. "पण वायरलेसपाशी तोमिएला बसवायचं."

यासाकूनं मान डोलावली आणि हळूच इंजिन वाढवून तो ओर्कांच्या मागे निघाला.