बर्फ धरणारी गाडी

संप फिसकटला, आमची गिरणी काही पुन्हा उघडली नाही, आणि साचाखात्यात मागावर कापड विणणारा मी चाळिशीत स्टिअरिंग धरायला शिकलो. पुढे बरीच वर्षं गिरगावात फणसवाडीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंची गाडी चालवली. गाडी जुनी, एसी डॅशबोर्डखाली मागाहून बसवलेला. बाईंचे गुडघे गेलेले. आठवड्यातून तीनदा त्यांना दादरला व्यायामाला न्यायचं, एवढंच काम.

एका उन्हाळ्यात एसीने नाटकं सुरू केली. गिरगावातून निघताना छान गार वारा. परळपर्यंत वारा मंद, दादरला पोचेस्तोवर नुसती घरघर आणि बाई घामाघूम. पुण्याहून त्यांच्या मुलाने फोनवर निकाल देऊन टाकला: महिनाभरात दुरुस्त झाला नाही तर गाडी विकायची, आई टॅक्सीने जाईल. गाडी गेली की मी गेलो. पन्नाशीच्या ड्रायव्हरला नवं काम कोण देणार? मी घाबरलो होतो, हे कबूल करतो.

लालबागच्या मेकॅनिकने गेज लावून पाहिलं. "गॅस फुल आहे, काका. कॉम्प्रेसर गेलाय. बदलून टाका."

"गेलाय, तर निघताना गार वारा येतो कुठून?"

"जुनी गाडी आहे, असंच होणार."

असल्या उत्तरांची मला चीड आहे. साच्यावर सूत तुटायला लागलं आणि जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, असं म्हणाला असता, तर आम्ही त्याला हसलो असतो. सूत तुटतं त्याला कारण असतं. हवा कोरडी असते, नाहीतर पट्टा सैल, नाहीतर कापूसच वाईट.

मग मीच मागे लागलो. बाई व्यायामाला आत गेल्या की मी तासभर मोकळा. पहिल्या दिवशी कान लावला. बटण दाबताच कॉम्प्रेसर कट् करून चालू होत होता. दुसऱ्या खेपेला बॉनेट उघडून नळ्या चाचपल्या. एक कढत, दुसरी गारठलेली आणि पाण्याने डवरलेली. म्हणजे गारवा तयार होत होता, गाडीत पोचत नव्हता. मग जात कुठे होता? जेवतानाही तेच डोक्यात. मी ताटात बोटाने नळ्या काढतोय हे बघून बायको म्हणाली, "तुमका गाडी चालवूक ठेवलाहा, उसवूक न्हय!"

तिसऱ्या खेपेला आणखी एक गंमत दिसली. गाडी उभी केल्यावर थोड्या वेळाने खालून पाण्याची धार लागली, आणि परतताना वारा पुन्हा गार! पुढच्या वेळी थांबल्या थांबल्या चार स्क्रू काढले, एसीच्या डब्याचं झाकण उघडलं आणि एकटाच हसलो. आत बर्फ. पांढराशुभ्र, बोटभर जाड. एसी बिघडलाच नव्हता, स्वतःच्या गारठ्याने गुदमरला होता.

पण बर्फ का धरावा? वारा कमी पडत असणार, इतकं डोकं चाललं. हवा आत कुठून ओढली जाते ते बघायला मी पाय ठेवायच्या जागी डोकं घालून उताणा पडलो. डब्याच्या तळाशी जाळी होती आणि तिच्यावर मळकं, ओलसर काहीतरी ताणून बसवलेलं. खेचलं. मांजरपाटाची दुहेरी घडी.

ती मीच लावली होती. आदल्या दिवाळीत बाईंना खोकला धरला होता. कापसाची तूस छातीत जाऊन माणसं कशी खोकतात ते साचाखात्यात मी वीस वर्षं पाहिलेलं. गाडीतली धूळ बाईंच्या छातीत नको म्हणून फडकं लावलं आणि साफ विसरलो. धुळीने ते गच्च भरलं होतं.

त्या दिवशी गाडी थेट गिरगावापर्यंत गार राहिली. "तुम्हाला यंत्रातलं कळतं हो! मुलाला कळवते, गाडी राहणार," बाई म्हणाल्या. फडकं माझ्या सीटखाली होतं. मी किल्ली देऊन घरी गेलो. दोन दिवस घास गोड लागेना.

तिसऱ्या दिवशी बाई गाडीत बसताच फडकं काढून त्यांच्या हातात दिलं. "बाई, एसी मीच बंद पाडला होता." मग सगळं सांगितलं.

त्यांनी फडकं उलटसुलट करून पाहिलं. "सांगितलं नसतंत तर मला कळलं नसतं."

"नसतं कळलं."

"मग का सांगितलंत?"

मुख्याध्यापिकेचाच आवाज. मी खरं ते बोललो. "बाई, संपात आमची गिरणी गेली. मालक, पुढारी, सरकार, सगळे एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. माझं चुकलं, असं म्हणणारा एकही माणूस मी आजवर ऐकला नाही. म्हटलं, बोलून बघावं तरी कसं वाटतं."

बाईंनी फडक्याची घडी घातली. "कसं वाटलं मग?"

"घाम फुटला."

"काचा वर करा, एसी लावा," बाई म्हणाल्या, "आणि चला, उशीर होतोय."