फोडणीचं जॅकेट आणि डोंगरावरचा वारा

ग्लासगोच्या आमच्या फ्लॅटमध्ये कोट अडकवायच्या खुंट्या नेमक्या स्वयंपाकघराच्या दाराशी आहेत. त्यामुळे माझं प्रत्येक जॅकेट फोडणी खाऊन बसलेलं. लिफ्टमध्ये कुणी नुसतं नाक ओढलं, तरी माझं आपलं चोराच्या मनात चांदणं.

माझे सासरे स्कॉटिश. लोकांना हरणाच्या शिकारीला डोंगरावर नेणं हे त्यांचं जन्मभराचं काम. मला न्या, मला न्या म्हणून मी सहा वर्षं भुणभुण केली आणि गेल्या ऑक्टोबरमध्ये ते चक्क हो म्हणाले! सीझनचा शेवटचा दिवस होता आणि त्या वर्षी मारायची परवानगी असलेल्यांपैकी त्यांच्या वाट्याचा एकच नर उरला होता. मी आधी नाचले, मग घाबरले. हरणाला माणूस दिसायच्या आधी त्याचा वास येतो. त्यांचा तो एकुलता एक नर माझ्या हिंगापायी पळू नये, एवढंच देवाकडे मागणं होतं. जॅकेट दोनदा धुतलं.

निघताना मी बाही त्यांच्या नाकाशी धरली. "खरं सांगा, वास येतोय?"

त्यांनी नीट हुंगलं. "काहीसुद्धा नाही."

जीव भांड्यात पडला. किती सभ्य माणूस! दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे मी सुकट भाजली, शेजारीण दार वाजवायला आली, तेव्हाही हे शांतपणे पेपर वाचत बसले होते.

डोंगरावर वारा कुठून येतोय ते बघायला ते खिशातल्या बाटलीतून टाल्कम पावडर फुस्सकन उडवायचे. पावडर आमच्या तोंडावर आली की पुढे जायचं, हरणांच्या दिशेने गेली की वळसा घ्यायचा. शेवटचा टप्पा आम्ही चिखलातून पोटावर सरपटलो. एकदम मला बोकडासारखा उग्र वास आला.

"डावीकडे आहे," मी कुजबुजले.

"तुला येतोय वास?" त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं.

दगडाआडून पाहिलं तर खरंच, भली मोठी शिंगं! हसू फुटू नये म्हणून मी बाही चावली. त्यांनी बंदूक टेकवली. आणि माझ्या मानेला मागून गार वारा लागला. नराने नाक वर केलं, आणि दुसऱ्या क्षणी तिथे नुसतं गवत.

मी बाही हुंगली. मोहरी, हिंग, वर जळका लसूण. मला रडूच आलं. "तुम्ही तर म्हणालात वास नाही!"

ते चिखलात उताणे झाले. "वारा फिरला की साबणाने धुतलेला राजासुद्धा सापडतो. पण खरं सांगू? आजारपणानंतर तीन वर्षं मला कसलाच वास येत नाही. डोंगर सोडायला लावतील म्हणून कुणाला बोललो नाही."

"म्हणजे ती सुकट..."

"कसली सुकट?"

मी जी हसत सुटले, ती थांबेचना. तेही हसायला लागले. दोघं चिखलात लोळत, पोट धरून. एवढी मजा मला लग्नातही आली नव्हती.

मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, "आणि माझ्या अंगाला कसला वास येतो?"

"ओल्या कुत्र्याचा. आणि डांबरगोळ्यांचा."

"आणि इथे? आत्ता?"

मी डोळे मिटून सांगत गेले. ओली माती, कुजकं गवत, दुरून कुणाच्या तरी चुलीचा धूर.

उतरताना नेहमी पुढे असणारे ते थांबले. पावडरची बाटली त्यांनी माझ्या हातात दिली.

"पुढच्या सीझनला पुढे तू चाल," ते म्हणाले. "दुसरं जॅकेट घालून."