पावणेदोन तास

तिकीट-एजन्सीतल्या काकांना सगळी अंतरं तोंडपाठ. कुठलंही शहर विचारा, कॉम्प्युटरमधून डोकं वर न काढता सांगायचे, "नऊशे किलोमीटर, पावणेदोन तास." विमानतळाचा रस्ता, रांगा, तपासणी ही भानगड त्यांनी कधी हिशेबात धरलीच नाही. धरणार कशी? आयुष्यात एकदाही विमानात बसले नव्हते.

एका सकाळी गावाहून बहिणीचा फोन आला. "दादा, आईचं काही खरं नाही. सारखी विचारतेय, किती वेळात येतोस?"

सवयीनं तोंडातून निघून गेलं, "पावणेदोन तास."

विमानतळाचा रस्ता, रांगा, तपासणी, विमान आणि पुढं गावापर्यंतचा रस्ता, पोचायला सात तास लागले. बहीण दारातच रडत म्हणाली, "दोन तास घड्याळाकडेच बघत होती रे. मग म्हणाली, आता नाही यायचा तो. आणि डोळे मिटले ते मिटलेच."