उलटा नमस्कार

बार्शीटाकळीच्या सत्यवतीच्या हातातले फूल कधी दुखावले गेले नाही. शेवंतीच्या देठातून सुई पार व्हायची आणि पाकळीला खबरसुद्धा नसायची. फुलांचा मळा नवऱ्याचा, शालिकरामचा. हार मात्र तिचे. शनिवारी मारुतीला घालायची रुईच्या पानांची माळ तिच्याच हातची असायची, हा त्या माळ्याच्या घराचा पिढीजात मान होता.

त्या हाताला आधी मुंग्या आल्या. मग झोपेत बोटे जळू लागली. ती उठून हात झटकी आणि पुन्हा अंथरुणावर पडे. एका सकाळी तिने तव्याचा काठ धरला. चटका कळला नाही, फोड मात्र आला. तो फोड तिने कुणाला दाखवला नाही.

कारण लहानपणी माहेरी तिने गंगूआत्याला पाहिले होते. आत्यालाही चटका कळत नसे. तिच्यासाठी गोठ्यामागे खोपी होती, वेगळी थाळी होती, वरून ओतलेले पाणी होते. महारोग हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही. आत्या गेली, तेव्हा तिची थाळीही मातीत पुरली.

सत्यवती आपले ताट स्वतः घासू लागली, बाजूला ठेवू लागली. नातीची, आचलची, वेणी घालणे तिने सोडले. शनिवारी सुनेकडे पाने सरकवून म्हणाली, "हात दुखते. माळ तू ओव, रागिणी." आणि चोरून आपल्याच बोटांत सुई टोचून पाहू लागली. अंगठा मुका. पहिले बोट मुके. मधले मुके. करंगळी तेवढी बोले, आणि तेवढ्यापुरता जीव जागेवर येई. देवा, सारे ने, पण करंगळी ठेव. एवढेच तिचे मागणे.

ताट सुनेला, रागिणीला, दिसलेच.

"आई, हे वेगळं ताट कोनाचं?"

"माह्यं."

"काहून? आमी काय तुमाले उष्टं वाढून राहिलो का?"

सत्यवतीने हात पदराखाली घेतला. "पोरीले माह्याजवळ नको येऊ देऊ. मले गंगूआत्याचं झालं."

रागिणी पाऊलभर मागे सरली. ते पाऊल सत्यवतीला सुईपेक्षा खोल गेले. मग तीच रागिणी पुढे आली आणि तिने सासूचे मनगट घट्ट धरले. "उद्या अकोल्याले जाऊ. तुमी ठरवलं म्हनून झालं काय?"

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी अंगावर चट्टे शोधले, कोपराजवळची नस चाचपली, बोटांवरून कापूस फिरवला. मग म्हणाल्या, "हात जोडा. तसे नाही, उलटे. पाठीला पाठ, बोटं खाली."

जन्मभर देवापुढे सरळ हात जोडलेल्या बाईला तो नमस्कार अशुभ वाटला. पण तिने केला. थोड्याच वेळात बोटांत वारूळ फुटल्यागत मुंग्या धावल्या. डोळे मिटून ती शब्दाची वाट पाहत राहिली.

"महारोगाचं लक्षण नाही. आणि असता तरी गोळ्यांनी बरा होतो. ताट वेगळं लागत नाही."

सत्यवती रडली ती स्वतःसाठी नव्हे, त्या पुरलेल्या थाळीसाठी.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या मनगटावर बोट ठेवले. "इथं अरुंद बोगदा आहे. बोटांची नस त्यातून जाते, ती दबली आहे. करंगळीची वाट वेगळी, म्हणून ती शाबूत. मनगट वाकवून सुई ओढायची नाही, मधे मधे विसावा घ्यायचा, झोपताना हा पट्टा बांधायचा. साखर, थायरॉइड तपासू, नसेचीही तपासणी करू." मग त्यांनी अंगठ्याखालचा भाग दाबून पाहिला. "मांस उतरलंय. उशीर केलात. पट्ट्यानं भागलं नाही तर छोटं ऑपरेशन लागेल. गेलेलं सगळं परत येईलच, असं मी सांगत नाही."

म्हणजे भीती गेली नाही. तिने नुसते नाव बदलले.

घरी आचल फणी घेऊन दारातच उभी. सत्यवतीने रागिणीकडे पाहिले. रागिणीने मुलीला धरून सासूच्या पुढ्यात बसवले.

केसांचे पेड बोटांना कळत नव्हते. ती डोळ्यांनी पाहून पाहून गुंफत होती.

"आजी, वेणी वाकडी झाली."

"वाकडी तर वाकडी," सत्यवती म्हणाली. "माह्या हातची हाये."